थापांचा कोश

सभ्य माणसाला राजरोस खोटे बोलण्याची संधी आयुष्यात फार थोड्या वेळा मिळते. चुलतसासूबाईंच्या चकलीला खुसखुशीत म्हणताना किंवा शेजारच्या चिरंजीवांचे पेटीवादन ऐकून मान डोलवताना आपण जे बोलतो, ते खोटे असले तरी त्यात मौज कसली? तो निव्वळ शिष्टाचार! खरी मौज असते ती चांगली रचलेल्या, तपशील भरलेल्या, व्याकरणशुद्ध थापेत. आणि अशी थाप मारल्याबद्दल कानउघाडणी न होता उलट गुण मिळणार असतील, तर मग काय विचारता! असा एक खेळ आहे, आणि गेली चार वर्षे दर शनिवारी रात्री आम्ही तो खेळतो आहोत.

खेळ अगदी सोपा. एकाने शब्दकोश उघडायचा आणि बाकीच्यांना ठाऊक नसेल असा एखादा शब्द काढून मोठ्याने वाचायचा. अर्थ मात्र सांगायचा नाही. इतरांनी त्या शब्दाचा एकेक अर्थ मनाने रचून गुपचूप त्याच्याकडे पाठवायचा. त्या थापांत कोशातला खरा अर्थ मिसळून तो सगळे अर्थ एकाच सुरात वाचून दाखवतो, आणि मग प्रत्येकाने खरा कोणता ते ओळखायचे. ओळखले तर दोन गुण. आपली थाप दुसऱ्याच्या गळी उतरली, तर दर गळ्यामागे एक गुण. विलायतेत हा खेळ घरोघरी खेळत. बीबीसीने १९६५ साली याच धर्तीचा ‘कॉल माय ब्लफ’ हा कार्यक्रम टेलिव्हिजनवर सुरू केला, आणि १९८४ मध्ये कॅनडात हाच खेळ ‘बाल्डरडॅश’ या नावाने खोक्यात घालून विकायला आला.

आम्हाला खोके लागत नाही. आमच्या घरी दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात विभाग काढले आणि १९५० साली पुरवणी जोडली. सासऱ्यांनी ते सगळे खंड जिवापाड जपले होते. आता त्यांच्या बांधण्या सुटल्या आहेत, पाने हात लावताच कुरकुरतात, आणि आमचे हे दर दिवाळीच्या साफसफाईला त्यांच्याकडे पाहून एक सूचक सुस्कारा सोडतात. पण शनिवारी रात्री नऊ वाजता त्या कपाटाला जी प्रतिष्ठा येते, ती घरातल्या कोणत्याही फर्निचरला नाही.

आम्ही पाच जण. पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यात एम. ए.ला एकाच वर्गात होतो, मग पोटाच्या मागे पांगलो. एक नागपूरकरीण, शाळेत शिकवते. एक सावंतवाडीकर, बँकेत आहे. एक कोल्हापूरकर, शहरात नोकरी करतो आणि रविवारी गावाकडच्या शेतावर जातो. एकाने मराठीला रामराम ठोकून संगणकाशी सोयरीक केली. तो न्यूजर्सीत असतो. आमची रात्र ती त्याची सकाळ, तेव्हा तो कॉफीचा पेला हातात घेऊनच फोनवर येतो. त्याच्यापाशी खंड नाहीत, पण शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा कोश असे दोन्ही संगणकावर सर्वांना खुले केले आहेत. त्यामुळे मराठी शब्दांच्या बाबतीत तो अमेरिकेत असूनही उपाशी नाही. आमची कन्या कॉलेजात जाते. ती मधूनमधून सहावी म्हणून घुसते आणि आम्हा पाचांना लोळवून जाते.

या खेळात पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळते. थापेचा कस लागतो तो तिच्या मजकुरापेक्षा तिच्या भाषेत. नवशिका गडी काहीतरी चमत्कारिक अर्थ रचतो आणि पकडला जातो. मुरलेला गडी कोशकाराचा आवाज काढतो. ‘एक प्रकारचे गवत’, ‘एका जातीचा लहान मासा’, ‘बैलाच्या गळ्यातील एक दागिना’ असे शांतपणे लिहितो. जरा जास्त मुरला, तर अर्थाच्या आधी कंसात ‘कों.’ घालून शब्द कोकणात ढकलतो, किंवा शेवटी ‘का.’ लिहून त्याचे मूळ कानडीत आहे असे सुचवतो. त्या एका अक्षराने थापेला जे वजन येते, ते दहा ओळींच्या वर्णनाने येत नाही! सावंतवाडीकर या कलेत इतका वाकबगार आहे, की बँकेतले अर्जही तो असेच वाचत असावा असा आम्हाला संशय आहे.

आणि कोशकारांनी तरी थापा मारल्या नाहीत असे कुठे आहे? अमेरिकेतल्या वेब्स्टरच्या १९३४ सालच्या भल्यामोठ्या कोशात ‘डॉर्ड’ असा एक शब्द छापला गेला. अर्थ दिला होता घनता. वास्तविक असा शब्दच नव्हता. रसायनशास्त्राच्या संपादकाने १९३१ मध्ये एका चिठ्ठीवर लिहिले होते, की घनतेसाठी मोठा किंवा लहान ‘डी’ हे अक्षर वापरतात. मधला ‘किंवा’साठीचा इंग्रजी ‘ऑर’ दोन्ही अक्षरांना चिकटला आणि एक नवा शब्द जन्माला आला. १९३९ मध्ये एका संपादकाला त्याची व्युत्पत्ती सापडेना, तेव्हा कुठे बिंग फुटले. हा अपघात म्हणावा, तर २००१ सालच्या न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन कोशात संपादकांनी जाणूनबुजून एक खोटा शब्द पेरला. कोणी आपला कोश उतरवून काढला तर तो त्या शब्दावरून पकडला जावा, हा हेतू. ‘एस्क्विव्हॅलियन्स’ हा तो शब्द. अर्थ, अंगावरची जबाबदारी मुद्दाम टाळणे. २००५ मध्ये तो खोटा असल्याचे जाहीर झाले. मला तर वाटते, तो शब्द तेवढा खोटा होता; ती क्रिया जगातल्या यच्चयावत कचेऱ्यांत अखंड चालू आहे.

असा हसतखेळत चाललेला हा खेळ. पण हळूहळू त्यात मला एक वेगळीच गोष्ट दिसू लागली.

एका शनिवारी नागपूरकरणीने ‘शिळोपा’ हा शब्द काढला. खरे म्हणजे आम्ही चौघेही शिळोप्याच्या गप्पा मारत वाढलेली माणसे. पण सुट्या शब्दाला कसे भिडायचे? कन्येने मात्र झटकन लिहून टाकले, ‘शिळ्या पोळ्या कुस्करून केलेला पदार्थ’. अमेरिकावासी त्या थापेला बळी पडला. वर म्हणाला, माझी आत्या करायची! खरा अर्थ, कामाधामातून उरलेला निवांत वेळ. हसू आवरल्यावर कन्या म्हणाली, “असा वेळ उरायचा? रोज?” तिच्या त्या ‘रोज’वर सगळेच क्षणभर गप्प झालो.

पुढे एकदा ‘वानवळा’ आला. आलेले अर्थ असे : वानरांच्या टोळीचा म्होरक्या, रानातली वळणावळणाची वाट, वाणी आणि गिऱ्हाईक यांच्यातली घासाघीस, आणि, शेतात आलेल्या नव्या पिकातले थोडे थोडे आप्तांना, शेजाऱ्यांना प्रेमाने पाठवतात ते. मतदान झाले. घासाघीस बहुमताने निवडून आली! खऱ्या अर्थाला एकच मत पडले, तेही कोल्हापूरकराचे. कन्येला विचारले, तर ती म्हणाली, “तो अर्थ वाचूनच कळत होतं की खोटा आहे. कोणीतरी गोडगोड लिहिलंय. मक्याची कणसं अशी नुसतीच कोण कोणाला पाठवतं?”

मी तिला काय सांगणार? तिचा तर्क बिनचूक होता. खोटे ते ओळखताना माणूस आपल्या भोवतीचे जग हीच फूटपट्टी लावतो. घासाघीस तिने रोज पाहिली आहे. पिशवीभर हुरड्याची कणसे घेऊन दारात उभा राहणारा पाहुणा तिने पाहिलेला नाही. म्हणून कोशातले सत्य तिला थाप वाटले आणि थाप सत्य वाटली.

कधी कधी तर एका शब्दाचे सगळेच अर्थ खरे निघतात, आणि मग जी जुंपते ती विचारू नका. अमेरिकावासीयाने एकदा ‘खळे’ हा शब्द काढला. सावंतवाडीकर म्हणाला, यात काढायचे काय, घरापुढचे सारवलेले अंगण. कोल्हापूरकर उसळला, अंगण कसले, कणसांची मळणी करतात ती जागा! नागपूरकरीण म्हणाली, तुम्ही दोघेही थापा मारता. पावसाच्या सुमाराला चंद्राभोवती दिसते ते खळे. तिघांचेही बरोबर होते. त्यानंतर तिने सूड म्हणून ‘वावर’ काढला. मी म्हणाले, वावरणे, ये-जा. ती म्हणाली, “अगं, आमच्या विदर्भात वावर म्हणजे शेत! तुमच्या पेपरात ‘पुढाऱ्यांचा वावर वाढला’ असं वाचलं, की मला वाटतं, बरोबरच आहे, जमिनीच घेत असतील.”

पण मला हे सगळे लिहावेसे वाटले ते एका शब्दामुळे. ‘थारोळे.’

त्या रात्री कोश माझ्याकडे होता. मी शब्द वाचला मात्र, कन्या ओरडली, “हा बाद! सगळ्यांना येतो. रक्ताचं असतं ते.” खरेच होते. वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला तो शब्द येतो. कोणीतरी नेहमी रक्ताच्या थारोळ्यात पडलेला आढळतो. दुधाचे थारोळे, पाण्याचे थारोळे असे कोणी म्हणत नाही. मी म्हटले, असू दे, लिहा तरी. अर्थ आले. साचलेले डबके, चिखल, जखमेतून वाहून थिजलेला द्रव. कोल्हापूरकराने मात्र काहीच पाठवले नाही. मग मी कोशातला अर्थ वाचला. मोटेचे पाणी विहिरीच्या काठावर जिथे ओतले जाते ते कुंड.

फोनवर जरा वेळ शांतता होती. मग कोल्हापूरकर म्हणाला, “आमच्या विहिरीवर अजून आहे. मोट मी पाहिली नाही, ती आज्ज्याच्या वेळची. पण थारोळं तसंच ठेवलं होतं, इंजिनाचं पाणी त्यातच पडायचं. तिथनं पाटाला. मे महिन्यात आम्ही सहा-सात पोरं दुपारभर त्यात डुंबायचो. आई तिथंच धुणं धुवायची. मी पहिल्यांदा पेपरात रक्ताचं थारोळं वाचलं ना, तेव्हा चौथीत असेन. मला कळेचना. म्हटलं, एवढं मोठं थारोळं भरायला माणसं तरी किती मेली असतील!”

आम्ही हसलो, पण ते हसू फार वेळ टिकले नाही. एक शब्द पाण्याने काठोकाठ भरलेला होता. चार पिढ्यांची पोरे त्यात डुंबली होती. मोट गेली, नाडा गेला, बैलांची धाव बुजली. शब्दाखालची विहीर आटली आणि तो शब्द तेवढा वर उरला. कोणा बातमीदाराने तो उचलला आणि त्यात रक्त ओतले. यात कोणाचा दुष्टावा नाही. ‘क्लासेसचे पेव फुटले’ असे आपण लिहितो तेव्हा पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेली खोल खोली, हे कोणाच्या मनात येते? सांगलीशेजारचे हरिपूर हळदीच्या पेवांसाठी नावाजलेले. तिथल्या माणसाला तो वाक्प्रचार वाचताना हळदीचा वास येत असेल. आपल्याला जाहिरातींचा येतो.

त्या रात्री मोठा वाद झाला तो वेगळाच. गुण कोणाला द्यायचे? आमच्या नियमाप्रमाणे ज्याला शब्द आधीपासून ठाऊक असेल, त्याने तसे कबूल करून त्या फेरीपुरते बाहेर बसायचे. कोल्हापूरकर हसत म्हणाला, “मग मी निम्म्या फेऱ्या बाहेरच बसायचो. तुम्ही ज्याला अवघड शब्द म्हणता, तो आमच्याकडे हाक मारायला वापरतात.”

तो सहज बोलून गेला. मी मात्र रात्री उशिरापर्यंत त्या नियमाचाच विचार करत होते. केवढा विलक्षण खेळ! जगातल्या इतर सगळ्या खेळांत ज्याला येते तो जिंकतो. इथे ज्याला येते, त्याला बाहेर बसवतात. अज्ञान ही इथली प्रवेशफी. आणि ‘कोणालाही ठाऊक नसलेला शब्द’ असे जे आपण म्हणतो, त्यातले ‘कोणालाही’ म्हणजे नेमके कोण? दाते-कर्व्यांनी तो शब्द छापला, त्याअर्थी कोणीतरी तो त्यांना सांगितला होता. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली आपला मराठी-इंग्रजी कोश काढला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. त्याच्या पंडितांनीही शब्द आभाळातून पाडले नव्हते. कोणाच्या तरी चुलीपाशी, खळ्यात, विहिरीवर ते बोलले जात होते. कोशातला प्रत्येक अवघड शब्द कोणाच्या तरी घरात रोजचा असतो.

मी कॉलेजात मराठी शिकवते. एके दिवशी तास संपायला वीस मिनिटे असताना मी वर्गातच हा खेळ मांडला. म्हटले, आज कोश नाही. आपापल्या घरातला असा एक शब्द आठवा, की जो शेजारी बसलेल्याला येणार नाही. पुढच्या बाकांवरची मंडळी छताकडे पाहू लागली. मागच्या बाकावरून एक हात वर आला. दुष्काळी तालुक्यातून आलेला मुलगा, वसतिगृहात राहणारा. वर्षभरात हा हात मी पहिल्यांदाच वर गेलेला पाहत होते. तो म्हणाला, “चाडं.”

भराभर अर्थ आले. चहाडखोर माणूस, चढाओढ, चाड वाटणारी बाई. प्रत्येक अर्थाला तो तोंडावर हात ठेवून हसत होता. शेवटी मी त्याच्या हाती खडू दिला. त्याने फळ्यावर तिफण काढली. खाली तीन फण, त्यांतून वर आलेल्या तीन नळ्या, आणि नळ्यांच्या डोक्यावर लाकडी वाटीसारखे काहीतरी. ते चाडे. त्यात मुठीने बी सोडायचे. ते तिन्ही नळ्यांत सारखे वाटले गेले पाहिजे. नाहीतर एका ओळीत दाट आणि दुसरीत विरळ उगवते, आणि पेरणाऱ्याची लाज सगळ्या गावाला पीक निघेपर्यंत दिसत राहते. “आमच्याकडं मूठ आई धरते,” तो म्हणाला. “तिच्यासारखी कोणाची सुटत नाही.”

वर्ग गप्प होऊन ऐकत होता. मला आठवल्या त्या या मुलाच्या उत्तरपत्रिका. त्यांत ‘तद्वतच’ होते, ‘किंबहुना’ होते, ‘सदर कवीने’ होते. गाइडातून उचललेली सगळी खोगीरभरती होती. चाडे कुठे नव्हते. ज्याच्या घरी अशी नेमकी, मुठीत मावणारी भाषा आहे, तो ती वसतिगृहाच्या दारात चपलेसारखी काढून ठेवून वर्गात येत होता. कोणी त्याला तसे सांगितले होते असे नाही. पण परीक्षेत कोणत्या शब्दांना गुण मिळतात, हे मुलांना न सांगता कळते. त्या टर्मच्या निबंधाला मी विषय दिला, ‘माझ्या घरातले दहा शब्द’. त्याने अठरा लिहिले.

असे म्हणू नका, की हे सगळे गावाकडच्या शब्दांचे रडगाणे आहे. काळ कोणालाच सोडत नाही. उद्या आपली पाळी आहे. गेल्या महिन्यात मी गंमत म्हणून कन्येच्या मैत्रिणींना ‘ट्रंककॉल’ हा शब्द घातला. एकीने लिहिले, प्रवासात हरवलेल्या पेटीची चौकशी; दुसरीने, हत्तीचा चीत्कार! मग मी ‘तार’ विचारली. त्यांना विजेची ठाऊक होती, सतारीची होती, पाकाची होती. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा या मुली लहान होत्या. दारात तारवाला दिसला, की पाकीट फोडायच्या आधीच घरातली एखादी बाई डोळ्यांना पदर लावायची, हा अर्थ त्यांना खरा वाटेल? तो त्यांनी थापांच्या गठ्ठ्यात टाकला, तर दोष कोणाचा?

म्हणून या दिवाळीला फराळाची ताटे उचलून झाली, मंडळी सैलावली, की हा खेळ जरूर खेळून पाहा. कोश नसला तरी अडत नाही. पोरांना खुशाल थापा मारू द्या. त्याशिवाय शब्दाची गोडी लागत नाही. फक्त आम्ही आता आमचा एक नियम बदलला आहे, तो तुम्हीही बदला. ज्या आजीला, ज्या गावाकडच्या काकाला, ज्या कामवाल्या मावशींना शब्द आधीच ठाऊक असेल, त्यांना बाहेर बसवू नका. सगळ्यांच्या थापा वाचून झाल्या, की त्यांना मधोमध बसवा आणि विचारा, “आता तुम्ही सांगा.”

गुण मोजायला नंतर रात्र पडली आहे.